धुकं आलं की

खोली घेतली तेव्हा ऊन होतं.
समुद्र नव्या पत्र्यासारखा चमकत होता
आणि घरमालकीण एदुविना म्हणाली, वास? कसला वास?
डोळे मिटून दूध पिणाऱ्यांच्या आवाजात.
मी दोन महिन्यांचं भाडं मोजून दिलं.

तिसऱ्या रात्री वाल्पाराइसोवर धुकं चढलं,
बंदरातल्या क्रेन गिळत, जिने गिळत,
टेकडीवरच्या माझ्या खिडकीपर्यंत,
आणि जमिनीच्या फळ्यांतून तो उठला.
उग्र. नाकाच्या मुळाशी टोचणारा.
मी उशी हुंगली, बूट हुंगले,
शेवटी स्वतःची बाही.

मी पहाटे बेकरीत पीठ मळते.
आंबवण जिवंत आहे की मेलंय, हे मला हुंगून कळतं;
नाकावरच माझं पोट आहे.
त्या सकाळी मालक माझ्याशी बोलता बोलता
एक पाऊल मागे सरला.

हार्डवेअरवाला नोल्बेर्तो म्हणाला,
ब्लीच अजिबात नको,
ब्लीचवर मांजर पुन्हा येऊन सही करतं.
आधी व्हिनेगर, तितक्याच पाण्यात. मग सोडा.
मग ही बाटली. महाग आहे, पण ही डाग खाते.
खाते म्हणताना त्यानं दात दाखवले.
आणि घासू नका, बाई. घासलं की खोल जातं.
टिपा. दाबून धरा. थांबा.
ही जांभळी टॉर्च घ्या, अंधारात लावा.
घाबरू नका.

दिवा मालवला.
टॉर्चच्या उजेडात फळ्यांवर
हिरवट-पिवळी बेटं वर आली,
कुठल्याच नकाशात नसलेली.
पलंगाच्या जागी एक. खिडकीखाली दोन, जुनी, फिकी.
आणि दाराशी,
दाराच्या अगदी उंबऱ्याशी,
मोजायला गेले तर सातच्या पुढे
एकमेकांत मिसळलेली.
दारावर, जमिनीपासून हातभर उंचीवर,
रंग खरवडलेला.

समोरच्या ओरियानाला विचारलं.
ती दोरीवरचे चिमटे काढत होती, काढतच राहिली.
हेरिबेर्तो राहायचा. आयुष्यभर क्रेन चालवली त्यानं.
छातीत दुखतंय म्हणून गेला, उद्या येतो म्हणाला,
किल्ली खिशात घालून.
एदुविना बहिणीकडे, ताल्काला. फोन उचलेना.
अकरा दिवस.
मी दाराच्या फटीतून सार्डिन सरकवायचे,
चपटे करून, एकेक.
आतून पंजा यायचा.
मग तो नाहीच आला.

त्या रात्री मी गुडघ्यांवर बसले.
टिपलं. दाबून धरलं. थांबले.
सोडा फसफसला, विझला.
बाटलीतलं पाणी फळीच्या फटीत शिरताना
मला उगाच वाटलं, विचारायला हवं होतं.
कुणाला, ते कळेना.

पंधरा दिवस ऊन. खोलीला लाकडाचा वास, माझ्या पिठाचा वास.
एदुविना येऊन म्हणाली, बघा, मी म्हटलं नव्हतं?

काल पुन्हा धुकं आलं.
मी दार उघडं टाकून, डोळे मिटून, नाकानं खोली चाचपत उभी होते.
काही नाही. अगदीच काही नाही.
तेवढ्यात पायाला काहीतरी घासून आत गेलं:
पितुका, आता ओरियानाकडे असते, एक कान फाटका.
तिनं पलंगाची जागा हुंगली.
खिडकीखाली दोनदा हुंगलं.
मग उंबऱ्याशी आली आणि तिथेच थांबली,
नाक फळीला टेकवून, खूप वेळ,
आपणच लिहिलेलं कुणी खोडलं असावं
तशी.

माझ्याकडे वर पाहिलं.
माझ्या हातात फडकं होतं.

मी ते खुर्चीवर ठेवलं.
बाटलीत अजून अर्धं उरलं आहे.
पितुका गोल फिरली, एकदा, दोनदा,
आणि शेपूट उचलली.